पुस्तक सुचवणं हेही दानच

तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत माणसाच्या कर्तव्यांची एक यादी येते. ऋत, सत्य, तप, इंद्रियनिग्रह, मनाची शांती, अग्निहोत्र, अतिथींचं आदरातिथ्य, लोकव्यवहार, संतती अशी ती क्रमाने पुढे जाते. या यादीची रचना विलक्षण आहे. प्रत्येक कर्तव्याच्या पाठोपाठ स्वाध्याय आणि प्रवचन ही जोडी पुन्हा येते. सत्य पाळा आणि स्वाध्याय-प्रवचन करा, अतिथींचा सत्कार करा आणि स्वाध्याय-प्रवचन करा, अशा चालीने ती यादी पूर्ण होते. मग तीन ऋषींची मतं दिली आहेत. एक म्हणतो सत्य हेच सर्वांत मोठं, दुसरा म्हणतो तप, आणि नाक मौद्गल्य म्हणतो की स्वाध्याय-प्रवचन हेच खरं तप. तिथे वेदाध्ययनच अभिप्रेत आहे हे उघड आहे. तरीही वाचणाऱ्या प्रत्येकाच्या कामाची एक गोष्ट त्या जोडीत आहे. स्वतः शिकणं आणि दुसऱ्यापुढे ठेवणं यांची तिथे कुठेच फारकत केलेली नाही. एकाचा उल्लेख झाला की दुसरं आलंच पाहिजे, इतकी ती जोडी घट्ट आहे.

'सध्या काय वाचताय?' हा प्रश्न आपण हवापाण्याच्या गप्पांत विचारतो आणि उत्तरही तितक्याच सहज देतो. पुस्तकाचं नाव सांगितलं, 'छान आहे, वाचा' म्हटलं की विषय संपतो. माझं म्हणणं असं, की ही देवघेव शिष्टाचारात जमा करण्याइतकी हलकी नाही. एखाद्याला 'हे वाच' म्हणणं ही नैतिक कृती आहे आणि आपल्या परंपरेच्या भाषेत तिला दान म्हणता येईल. दान म्हटलं की दानाचे नियम लागू होतात. घेणारा कोण, त्याला आत्ता काय हवं आहे, आपण देतो ते आपल्याजवळ खरोखर आहे का, आणि दिल्यावर त्याला मोकळं सोडण्याची आपली तयारी आहे का, हे प्रश्न पुस्तक सुचवणाऱ्यालाही चुकत नाहीत. चुकवले, तर त्या सुचवण्याला पुण्य सोडाच, अर्थही उरत नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की वाचन मुळात एकट्याचं काम आहे. पुस्तक उघडलं की माणूस आणि मजकूर दोघंच उरतात. तिसऱ्याने मध्ये यायचं कारण काय? हा आक्षेप आजच्या मूक वाचनाच्या सवयीतून येतो. महाराष्ट्रात शतकानुशतकं ग्रंथ वाचला गेला तो चारचौघांत आणि मोठ्याने. एकाने पोथी वाचायची, बाकीच्यांनी ऐकायची, मध्ये कुणी शंका विचारायची, कुणी अर्थ उलगडून सांगायचा, अशी ती रीत होती. सप्ताहातल्या ज्ञानेश्वरी पारायणात ती आजही दिसते. दासबोधाची सुरुवातच पाहा. दोनशे समासांच्या त्या ग्रंथात अगदी पहिल्या ओवीत बोलतात ते श्रोते. हा ग्रंथ कोणता, यात काय सांगितलं आहे आणि तो ऐकून काय मिळेल, असं ते विचारतात. रामदासांनी या प्रश्नांना उद्धटपणा मानलं नाही. त्यांनी विषय सांगितला, फळ सांगितलं आणि पुढे त्याच समासात आपण कोणकोणत्या ग्रंथांच्या आधाराने बोलतो आहोत त्यांची नावंही दिली. शिवगीता, रामगीता, गुरुगीता, अवधूतगीता, भगवद्गीता, उपनिषदं, भागवत अशी ती मालिका आहे. म्हणजे मराठीतल्या एका थोर ग्रंथाच्या पहिल्या काही ओव्यांत वाचकाची विचारणा आहे, ग्रंथाची शिफारस आहे आणि पुढच्या वाचनाची दिशाही आहे. एकांतातलं वाचन मौल्यवान आहे यात वाद नाही. पण त्या एकांतापर्यंत माणूस पोचतो तो बहुधा कुणीतरी बोट दाखवल्यामुळे.

संस्कृत शास्त्रग्रंथांनी ही गोष्ट नियमातच बसवली होती. ग्रंथारंभी चार गोष्टी स्पष्ट कराव्यात असा दंडक होता, त्यांना अनुबंधचतुष्टय म्हणतात. ग्रंथाचा विषय काय, त्याचं प्रयोजन काय, ग्रंथाचा आणि विषयाचा संबंध काय, आणि अधिकारी म्हणजे हा ग्रंथ कुणासाठी आहे. पुस्तक सुचवताना आपण पहिल्या दोन गोष्टी कशाबशा सांगतो. चौथी जवळजवळ नेहमीच गाळतो. 'प्रत्येकाने वाचायलाच हवं' हे आपलं लाडकं वाक्य आहे आणि त्यात समोरचा माणूस पुरता हरवलेला असतो. नुकताच घरातला कर्ता माणूस गमावलेल्याला, नोकरीच्या शोधात असलेल्याला, पहिल्यांदाच पाठ्यपुस्तकाबाहेरचं काही हातात घेणाऱ्या मुलीला आणि आयुष्यभर वाचत आलेल्या निवृत्त शिक्षकाला एकच पुस्तक एकाच शब्दांत सुचवणं म्हणजे त्यांपैकी कुणाकडेच न पाहणं.

अधिकाराचा विषय काढला की महाराष्ट्रात एक जखम उघडी पडते, आणि ती पडायलाच हवी. याच कल्पनेच्या आडून शूद्रांना आणि स्त्रियांना ग्रंथांपासून तोडलं गेलं. योग्यता जन्मावरून ठरवली गेली आणि ज्ञानाच्या दाराला कुलूप लागलं. तेव्हा आज पुन्हा 'हे पुस्तक कुणासाठी' असं विचारणं म्हणजे तेच कुलूप नव्या किल्लीने लावणं नव्हे काय? या आक्षेपाला बगल देता येणार नाही. त्याचं उत्तर ज्ञानेश्वरांनी दिलं आहे. १२९० साली नेवाशात सांगितलेल्या ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात ते वेदाला संपन्न म्हणतात आणि त्याच दमात त्याच्यासारखा कृपण दुसरा नाही असंही म्हणतात, कारण तो तीनच वर्णांच्या कानी लागला. ते उणेपण भरून काढण्यासाठी वेदच गीतेच्या रूपाने सर्वांना सेव्य झाला, असा त्यांचा भाव आहे. ज्याच्यापाशी आहे आणि तरी जो देत नाही तो कृपण. म्हणजे ज्ञान राखून ठेवण्याला ज्ञानेश्वरांनी पावित्र्यरक्षण मानलं नाही. त्याला त्यांनी कंजूषपणाच्या सदरात टाकलं.

त्याच अध्यायात मूळ गीतेने मात्र हे कुणाला सांगू नये याचीही यादी दिली आहे. ज्याच्यापाशी तप नाही, भक्ती नाही, ज्याला ऐकण्याची इच्छा नाही आणि जो द्वेष करतो, त्याला सांगू नये. या यादीत कुळाचा किंवा वर्णाचा उल्लेख नाही. अटी आहेत त्या मनाच्या तयारीच्या. लगेच पुढच्या श्लोकांत हे ज्ञान भक्तांपर्यंत पोचवणाऱ्याइतका प्रिय मला दुसरा कुणी नाही, असं भगवंत सांगतात. दोन्ही विधानं एकत्र वाचली की अधिकाराचा स्वीकारण्याजोगा भाग हाती येतो. दार सर्वांना उघडं असलं पाहिजे, कुणाच्याही जन्मावरून ते बंद होता कामा नये. पण उघड्या दारातून एखाद्याला हात धरून आत नेताना त्याची पावलं कुठवर आली आहेत हे पाहणं नेणाऱ्याचं काम आहे. जन्माधारित अधिकारात नेणारा समोरच्याची पारख करतो ती त्याला बाहेर ठेवण्यासाठी. इथे पारख करायची ती त्याच्या उपयोगी पडण्यासाठी. दोन्हींत पारख आहे म्हणून दोन्ही सारखी ठरत नाहीत.

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत आणि ते पुस्तक सुचवण्याला जसेच्या तसे लागू पडतात. परतफेडीची अपेक्षा न ठेवता, देणं कर्तव्य आहे म्हणून, योग्य स्थळी, योग्य काळी आणि योग्य व्यक्तीला दिलेलं दान सात्त्विक. परतफेडीसाठी, फळावर नजर ठेवून किंवा नाइलाजाने दिलेलं राजस. आणि स्थळकाळाचं भान न ठेवता, अनादराने दिलेलं तामस. वर्ष संपताना वाचलेल्या पुस्तकांची लांबलचक यादी जाहीर करण्याची आता रीत पडली आहे. ती यादी एखाद्याला त्याचं पुस्तक सापडावं म्हणून केलेली असेल तर तिचं स्वागत. आपण किती वाचतो हे लोकांनी पाहावं म्हणून केलेली असेल तर तो राजस व्यवहार झाला. देणं नावाला आणि घेणं मोठं. 'तुम्ही अजून हे वाचलं नाही?' असं भुवया उंचावून विचारणं तर निखळ तामस. त्यात ऐकणारा लहान होतो आणि पुस्तकाशी त्याची पहिली ओळख अपमानातून होते. असा अपमान झालेला माणूस ते पुस्तक कधीच उघडत नाही, आणि दोष पुस्तकाच्या माथी जातो.

सात्त्विक दानाचं एक उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत आपण बुद्धाकडे कसे वळलो ते सांगितलं आहे. शाळकरी वयात परीक्षा उत्तीर्ण झाल्याबद्दल समाजातल्या लोकांनी त्यांच्या सत्काराची सभा घेतली. त्या सभेत दादा केळुसकर, म्हणजे कृष्णराव अर्जुन केळुसकर, यांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं. या प्रसंगातला प्रत्येक तपशील सतराव्या अध्यायाच्या कसोटीवर उतरतो. केळुसकर वडिलांच्या परिचयाचे होते, मुलाला ओळखत होते. दिलेलं पुस्तक त्यांनी नुसतं वाचलेलं नव्हतं, अभ्यासून लिहिलेलं होतं. वेळ होती मुलाच्या पहिल्या सार्वजनिक कौतुकाची, म्हणजे त्याचं मन उमललेलं असण्याची. आणि परतफेडीची अपेक्षा तर नव्हतीच. पुढे उच्च शिक्षणासाठी सयाजीराव गायकवाडांचं साहाय्य मिळवून देण्यातही केळुसकरांचा हात होता. सुचवणाऱ्याने पुस्तक हातात ठेवलं आणि पाठ फिरवली, असं झालं नाही.

त्याच प्रस्तावनेत दुसरी एक शिफारसही नोंदलेली आहे आणि तिच्याकडे लक्ष जायला हवं. बाबासाहेबांचे वडील रामजी धर्मनिष्ठ होते. ते मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घेत आणि घरी जमलेल्या मंडळींना ऐकवायला लावत. मुलाने एकदा विचारलं, की ब्राह्मण-क्षत्रियांचा गौरव आणि शूद्रांची अवहेलना करणारे हे ग्रंथ आम्ही का वाचायचे? वडिलांनी दिलेलं उत्तर विचारपूर्वक होतं. आपण अस्पृश्य, त्यामुळे मनात न्यूनगंड येणं साहजिक आहे. द्रोण आणि कर्ण हे साध्या स्थितीतून केवढ्या उंचीला गेले ते पाहा, म्हणजे तो गंड जाईल. हेतू शुद्ध, घेणाऱ्याची ओळख पक्की, कारण नेमकं. तरीही मुलाचं समाधान झालं नाही. भीष्म, द्रोण, कृष्ण, राम यांच्याविषयीचे आपले आक्षेप त्याने वडिलांना सांगितले आणि वडील गप्प राहिले. मुलाच्या मनात बंड आहे हे त्यांना उमगलं होतं, असं बाबासाहेबांनी लिहिलं आहे. मला या प्रसंगातलं वडिलांचं गप्प राहणं फार मोलाचं वाटतं. त्यांनी सुचवलं, कारण सांगितलं, आणि नकार ऐकूनही घेतला. केळुसकरांचं पुस्तक ज्या मनात रुजलं ते मन वडिलांनी वाचायला लावलेल्या ग्रंथांशी झगडूनच तयार झालेलं होतं. नाकारलेली शिफारसही वाया जात नाही.

इथे कुणी म्हणेल, की हे उदाहरण यशस्वी झालं म्हणून आपण ते सांगतो. शेकडो पुस्तकं भेट दिली जातात आणि कपाटात धूळ खातात. काही पुस्तकं तर वाचणाऱ्याचं नुकसान करतात, द्वेष शिकवतात किंवा आधीच खचलेल्याला आणखी खचवतात. परिणाम हाती नसताना जबाबदारी कशी घ्यायची? या प्रश्नाचा पहिला भाग सोपा आहे. कर्माचं फळ आपल्या हाती नसतं हे गीता वाचणाऱ्या समाजाला वेगळं सांगायला नको. पण फळ हाती नाही म्हणून कर्म कसंही करावं असा त्याचा अर्थ होत नाही. उलट आपल्या हाती तेवढं कर्मच असल्यामुळे ते नीट करण्याची जबाबदारी वाढते. घराघरांत म्हटल्या जाणाऱ्या गणपती अथर्वशीर्षाच्या फलश्रुतीत दोन वाक्यं आहेत, ज्यांच्यावरून आपण म्हणता म्हणता पुढे जातो. हे अशिष्याला देऊ नये आणि मोहाने जो देईल तो पापी होतो, हे एक. आठ ब्राह्मणांकडून हे नीट ग्रहण करवून घेणारा सूर्यासारखा तेजस्वी होतो, हे दुसरं. त्यातली ब्राह्मणांपुरती मर्यादा आज कुणी मानू नये. पण दोन्ही वाक्यांत दोष आणि तेज देणाऱ्याच्या पदरात टाकलं आहे हे नोंदवावंच लागेल. मोहाने दिलं तर दोष, नीट ग्रहण करवलं तर तेज. नुसतं दिल्याने काही होत नाही.

मोहाने देणं म्हणजे काय, हे आपल्या काळात ओळखणं अवघड नाही. न वाचलेलं पुस्तक केवळ नावाजलेलं आहे म्हणून सुचवणं हा मोह. अर्धं वाचून, शेवटी लेखक कुठे नेतो हे न पाहता सुचवणं हा मोह. पुस्तक आपल्या बाजूचं आहे, आपल्या पक्षाला बळ देतं, एवढ्याचसाठी सुचवणं हा सर्वांत मोठा मोह, कारण तिथे वाचकाचा विचारच नसतो, आपल्याला एक अनुयायी वाढवायचा असतो. रामदासांनी दासबोधाच्या सातव्या दशकात श्रवणाचं निरूपण करताना ग्रंथ कशाला म्हणावं याची कसोटी दिली आहे. ग्रंथामुळे परमार्थ वाढतो का, मनात पश्चात्ताप उठतो का, गर्व गळतो का, भ्रांती मावळते का, असं ते पाहतात. शब्दचातुर्यावर ते थांबत नाहीत. ही कसोटी आधी सुचवणाऱ्याने स्वतःला लावायची आहे. या पुस्तकाने माझ्यात काय हललं? ज्याने माझा गर्वच वाढला ते मी दुसऱ्याला कोणत्या तोंडाने देतो? उत्तर प्रामाणिक असेल तर नुकसानीची शक्यता पूर्ण जाणार नाही, पण ती आपल्या बेफिकिरीतून तरी येणार नाही.

आणखी एक आक्षेप स्वातंत्र्याच्या बाजूने येतो. दुसऱ्यासाठी निवड करणारे आपण कोण? ग्रंथालय उघडं ठेवावं, पुस्तकं समोर मांडावीत, ज्याला जे हवं ते त्याने उचलावं, हीच खरी लोकशाही. पाचगणीजवळच्या भिलारमध्ये २०१७ साली पुस्तकांचं गाव सुरू झालं आणि गावकऱ्यांच्या घरांत पुस्तकं वाचकांसाठी ठेवली गेली, ती याच उदार कल्पनेतून. अशी उघडी दारं हवीतच आणि ती वाढायला हवीत. पण उघडं दार पुरेसं आहे असं खुद्द ग्रंथालयशास्त्रही मानत नाही. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच नियमांपैकी दुसरा प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळण्याविषयी आहे आणि तिसरा प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळण्याविषयी. रंगनाथनांच्या विचारात ग्रंथपाल हा किल्ल्या सांभाळणारा रखवालदार नाही, तो ही गाठ घालून देणारा माणूस आहे. हजार पुस्तकांपुढे उभा केलेला नवखा वाचक स्वतंत्र असतो खरा, पण कुठून सुरुवात करावी हे कुणीच न सांगितल्यामुळे तो रिकाम्या हाताने परतला, तर ते स्वातंत्र्य त्याच्या काय कामाचं? आणि ज्यांच्या घरात पुस्तकांचा वारसा नाही, त्यांच्यावर ही वेळ सर्वांत जास्त येते. ज्याच्या घरी वाचणारे आहेत त्याला सुचवणारे आपोआप भेटतात. तेव्हा 'आपण कोण सुचवणारे' असा नम्र पवित्रा घेऊन गप्प बसणं हे नकळत त्या जुन्या कृपणपणाकडेच जातं.

स्वातंत्र्य जपायचं ते वेगळ्या ठिकाणी, सुचवल्यानंतर. धम्माचं दान सर्व दानांहून श्रेष्ठ, असं धम्मपद सांगतं. तोच बुद्ध कालामांना म्हणतो की एखादी गोष्ट ग्रंथात आहे, परंपरेत आहे किंवा गुरू सांगतो म्हणून स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या. गीतेतही अठरा अध्यायांचा उपदेश झाल्यावर, यावर पूर्ण विचार कर आणि मग तुझी इच्छा असेल तसं कर, असं अर्जुनाला सांगितलं आहे. दोन वेगळ्या धर्मधारा या एका मुद्द्यावर जवळ येतात हे लक्षात घेण्याजोगं आहे. इतकं श्रेष्ठ दान देणाऱ्यांनीही घेणाऱ्याचा निर्णय आपल्या हाती ठेवला नाही. मग आपण सुचवलेली कादंबरी कुणाला आवडली नाही म्हणून रुसण्याचा, किंवा 'तुला ती कळलीच नाही' असं म्हणण्याचा हक्क आपल्याला कुठून येतो?

घेणाऱ्याच्या बाजूनेही धर्म आहे. गीतेच्या दहाव्या अध्यायात भक्त एकमेकांना बोध करतात असं वर्णन आहे. बोध करणारा एक आणि ऐकणारे बाकीचे, अशी ती व्यवस्था नाही. म्हणून ज्याला पुस्तक सुचवलं त्याने ते वाचून पाहावं, निदान प्रामाणिक सुरुवात करावी, आणि मग खरं सांगावं. नुसतं 'छान होतं' म्हणून वेळ मारून नेली, तर सुचवणाऱ्याला पुढच्या वेळी आपल्याला ओळखण्याची संधीच राहत नाही. 'तिसऱ्या प्रकरणात माझं मन उडालं' हे उत्तर जास्त उपयोगी, कारण त्यातून दोघांनाही काही कळतं. सुचवणाऱ्यानेही 'तू काय वाचतो आहेस?' असं विचारून उत्तराची खरोखर वाट पाहावी. वयाने लहान, शिक्षणाने कमी किंवा वेगळ्या विचाराच्या माणसाने सुचवलेलं पुस्तक आपण शेवटचं कधी वाचलं, हा प्रश्न स्वतःला विचारला की आपल्या देवघेवीत देणं किती आणि घेणं किती हे स्पष्ट होतं.

हे सारं फार गंभीर झालं, एवढा विचार करून कुणी पुस्तक सुचवणारच नाही, अशी भीती वाटू शकते. पण आपण ज्या कृतींना धर्म मानतो त्या रोजच्याच असतात. पाहुण्याला पाणी देताना आपण शास्त्र उघडत नाही, तरी त्याला तहान आहे का ते पाहतो. तेवढंच लक्ष पुस्तक सुचवताना पुरे आहे. स्वतः वाचलेलं असावं, समोरच्या एका माणसाला नजरेपुढे ठेवून निवडलेलं असावं, का सुचवतो आहोत हे दोन वाक्यांत सांगता यावं, आणि नकाराला मनात जागा असावी. या चार अटींत बसणारी एक शिफारस शंभर पुस्तकांच्या यादीहून मोठी आहे, कारण ती यादी कुणालाच उद्देशून नसते आणि ही शिफारस एका माणसासाठी असते. आपल्यापर्यंत आलेला प्रत्येक चांगला ग्रंथ कुणीतरी असाच पुढे दिलेला आहे. तो आपल्यापाशी अडवून ठेवला तर ज्ञानेश्वरांनी वेदाला लावलेला शब्द आपल्यालाही लागू होतो.